कारखान्यातला ठसा आणि घरातला ठसा

देहूरोडहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले, की तळेगाव आणि कामशेत मागे टाकून मळवली येते. कार्ले-भाज्याची लेणी पाहणारे प्रवासी येथे उतरतात. राजा रविवर्मा यांचा चित्रछापखाना याच मळवलीत होता, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना काही वर्षांतच इकडे आला. जर्मनीहून आणलेली यंत्रे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक चढवलेले रंग, असा तो शिळामुद्रणाचा खटाटोप होता. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली तो आगीत भस्मसात झाला.

रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती ज्या भिंतींवर लागल्या, त्यांच्या शेजारच्या घरांत आपली येशूच्या पवित्र हृदयाची रंगीत चित्रे लागली होती. दोन्हींचे कूळ एकच. गरिबाच्या घरात चित्र आले ते छपाईमुळे, आणि हे ऋण लहान नव्हे. परंतु या विपुलतेने आपल्याला एक चुकीची समजूतही दिली. छापलेले चित्र म्हणजे नक्कल, खरे चित्र कुठेतरी दूर आहे आणि छाप हवे तितके काढता येतात, असे आपण मानू लागलो. मीही पन्नाशी ओलांडेपर्यंत तेच मानत होतो.

ती समजूत आमच्याच परिसरातील एका चित्रकार बाईंच्या घरी मोडली. त्या आपल्या बैठकीच्या खोलीत मुद्राचित्रणाच्या छोट्या कार्यशाळा घेतात. जागा चौघांपुरतीच. टेबलावर हाताने फिरवायचे लहान छपाईयंत्र, खिडकीत वाळत घातलेले ओलसर कागद, आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या फोडणीच्या वासात मिसळलेला शाईचा वास. आम्ही चौघे म्हणजे एक शाळामास्तर, महाविद्यालयात जाणारी एक मुलगी, चाकणच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि मी. रविवार माझ्या हाती नसतो, म्हणून शनिवार ठरला.

प्रथम लिनोलियम कोरून झाले. मग तांब्याच्या पत्र्यावर पोलादी सुईने थेट रेघ ओढायची, ज्याला ड्रायपॉइंट म्हणतात ती पद्धत आली. सुई पत्र्यात शिरते तेव्हा नांगराच्या तासाला माती उचलली जावी तशी धातूची बारीक कड रेघेच्या बाजूने वर येते. टूलरूममध्ये या कडेला ‘बर’ म्हणतात. आमचे निवृत्त गृहस्थ हे पाहून अस्वस्थ झाले. “फादर, बर राहिली की सगळ्यांच्या पत्र्यांवर,” असे म्हणून त्यांनी बाई चहा करायला आत गेल्या असताना चारही पत्रे स्क्रेपरने गुळगुळीत करून ठेवले. चाळीस वर्षांची सवय ती. बर राहिलेला डाय परत येतो, माणसाचा हात कापतो, कामाला बट्टा लावतो.

पत्र्याला शाई लावली, जाळीदार कापडाने आणि मग तळहाताने पुसली, ओला कागद ठेवून यंत्रातून काढला. रेघा आल्या, पण उपाशी माणसासारख्या, कोरड्या आणि बारीक. बाईंनी पत्रा उजेडाकडे तिरका धरून पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. “काका, तुम्ही तर चित्रच घासून टाकलंत. मऊ काळोख त्या कडेतच असतो.” कडेला अडकलेली शाईच कागदावर मखमलीसारखी पसरते. कारखान्यात जो दोष, तोच येथे प्राण.

पुढचा धडा माझ्या वाट्याला आला. नाताळच्या शुभेच्छापत्रासाठी मी एक गव्हाणी कोरली होती. ‘शांती’ हा शब्द पत्र्यावर सुलटा लिहिल्यामुळे कागदावर उलटा उमटला, ती फजिती वेगळीच. पत्रा दुरुस्त झाल्यावर मी बाईंना सहज म्हणालो, “याच्या दोनशे प्रती काढू या, प्रत्येक कुटुंबाला एक.” त्या म्हणाल्या, “फादर, वीस-पंचवीस चांगल्या निघतील. पुढे बर दाबली जाते.” माझा विश्वास बसला नाही. तिसाव्या प्रतीला गव्हाणीमागचा अंधार करडा झाला आणि मेंढपाळ पुसट झाला. मुकाट्याने आम्ही थांबलो. बाकीच्या कुटुंबांना त्या वर्षी बाजारचीच शुभेच्छापत्रे गेली.

या दोन चुकांनंतर मी रेम्ब्रांकडे पुन्हा वळलो. सेमिनरीत असताना त्याची शंभर गिल्डरचे चित्र म्हणून ओळखली जाणारी कृती मी पुस्तकात पाहिली होती. सुमारे १६४८ सालची ही कृती मत्तयच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायावर आधारलेली आहे. रोगी, मुले, परुशी, विचारात पडलेला श्रीमंत तरुण, उजवीकडे वेशीतून आत येणारा उंट, असा सारा अध्याय एकाच पटात मांडला आहे. त्या वेळी मी तिच्याकडे प्रवचनाचे साहित्य म्हणूनच पाहिले. आता दिसते ते निराळे. डावीकडची माणसे केवळ मोजक्या रेघांत उभी आहेत, जणू उजेडाने त्यांना खाऊन टाकले आहे. उजवा भाग दाट काळोखाचा, आणि तो काळोख आम्लाने खोदलेल्या रेघांवर ड्रायपॉइंटची कड चढवून आणलेला. एका म्हातारीच्या जोडलेल्या हातांची सावली प्रभूच्या झग्यावर पडली आहे. पत्र्यावर काम केल्याखेरीज ती सावली केवढ्या धाडसाची आहे हे मला कळले नसते.

रेम्ब्रांने अ‍ॅम्स्टरडॅममधील आपले मोठे घर १६३९ साली घेतले. राहणे, चित्रे काढणे, विकणे, शिष्यांना शिकवणे आणि छपाई हे सर्व तेथेच चाले. १६५६ साली दिवाळे निघाले आणि घर गेले. आज तेथे संग्रहालय असून आम्लरेखनाची प्रात्यक्षिके दाखवली जातात. त्या घरातच १६५३ साली ‘तीन क्रूस’ हा पत्रा कोरला गेला. आरंभीच्या छापांत वरून उजेडाचा झोत उतरतो आणि गर्दीतील माणसे ओळखू येतात. मग चौथ्या अवस्थेत त्याने त्याच पत्र्यावरील कित्येक आकृती खरवडून टाकल्या, उंच टोपीचा एक घोडेस्वार आणला आणि उभ्या रेघांचा असा मारा केला, की क्रुसाभोवती अंधार कोसळतो. ही दुसरी कृती नव्हे. पत्रा तोच, पण माणसाने आपला विचार बदलला आहे, आणि आधीचा विचारही कागदावर शिल्लक आहे. तैलचित्रात जुना विचार नव्याखाली गाडला जातो. मुद्राचित्रात तो साक्षीला उभा राहतो. प्रती अनेक निघतात यापेक्षा मला ही गोष्ट या कलेत मोठी वाटते.

उलट उदाहरणही आहे. शंभर गिल्डरच्या चित्राचा झिजलेला पत्रा अठराव्या शतकात विल्यम बेली नावाच्या एका कप्तानाच्या हाती गेला. त्याने तो पुन्हा कोरून सुमारे शंभर छाप काढले आणि मग पत्र्याचे चार तुकडे केले. माझ्या दोनशे शुभेच्छापत्रांचा तो थोरला भाऊ म्हणावा लागेल.

भारतातही घरातल्या छपाईयंत्राने पुष्कळ केले आहे. १९१० साली इंदूरला जन्मलेल्या देवयानी कृष्ण, माहेरच्या जाधव, देवळालीकरांच्या हाताखाली आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. त्या आणि त्यांचे पती कंवल कृष्ण दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये कला शिकवीत. युरोपात पाहिलेले रंगीत मुद्राचित्रणाचे तंत्र त्यांनी १९५० नंतरच्या दशकात आपल्या राहत्या घरी यंत्र बसवून रुजवले. देवयानीबाईंनी वेगवेगळ्या धर्मांची अक्षरे आणि चिन्हे घेऊन केलेल्या मुद्राचित्रांत पत्र्याचा उंचसखलपणा कागदावर बोटांना जाणवावा असा उतरतो. महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, ही आपली उणीव आहे.

आता थोडी तक्रार. आमच्या कार्यशाळेत, आणि ऐकतो त्याप्रमाणे इतर ठिकाणीही, घाई फार असते. एका दिवसात लिनोकट, दुसऱ्या दिवशी ड्रायपॉइंट, संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात देखणा छाप. अवघड शाई पुसण्याचे काम गुरू स्वतःच करून देतात, म्हणजे शिकणारा हिरमुसला होऊ नये. ही माया मला समजते, पण ती शिकणाऱ्याला फसवते. छाप चांगला आला, की पत्रा कपाटात जातो. पहिल्या छापापाशी थांबलेला विद्यार्थी मळवलीच्या ग्राहकासारखाच चित्र घेऊन घरी जातो. दहा पत्रे देण्याऐवजी एकच पत्रा तीन महिने द्यावा, तो खरवडू द्यावा, बिघडू द्यावा, असे मी बाईंना सुचवले. त्या म्हणाल्या, “फादर, मग फी देऊन कोण येईल?” हेही खरेच. तांबे महाग आहे, आणि घर चालवायचे असते.

सांगायचे म्हणजे, माझी सूचना एकानेच मनावर घेतली. बर घासणाऱ्या त्या निवृत्त गृहस्थांनी पहिलाच पत्रा अजून सोडलेला नाही. त्यावर देहूरोडचा रेल्वेफाटक होता. आधी फाटक उघडे होते, मग त्यांनी ते बंद केले. गेल्या शनिवारी पाहिले, तर फाटकापाशी उभी असलेली माणसे त्यांनी खरवडून काढली होती आणि एकच सायकल ठेवली होती. तिच्या चाकाची बर त्यांनी बोट न लावता, श्वास रोखून तपासली आणि पत्रा शाईकडे सरकवला.