'जमीन सपाट आहे म्हणून' हे उत्तर का चालत नाही? एका सायकलच्या पुस्तकाबद्दल

परदेशात ॲडमिशन मिळाली की सीनियर्सकडून एक सल्ला हमखास मिळतो: "पोचल्या पोचल्या जुनी सायकल घे, शहर आपोआप कळेल." मलाही मिळाला होता. ॲमस्टरडॅमला पीएचडीसाठी आले आणि दुसऱ्याच आठवड्यात एक सेकंडहँड सायकल घेतली. हँडलला ब्रेकच नाहीत! पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला उतारावर सहज उलटं पॅडल फिरवायची सवय असते. ती मोडेपर्यंत मी रोज कुठे ना कुठे धाडकन थांबत होते. ट्रामच्या रुळात चाक अडकून एकदा पडलेही.

पण शहर 'आपोआप' कळलं का? तर नाही. कळलं असं वाटलं फक्त. हा फरक मला ज्या पुस्तकामुळे लक्षात आला, त्याबद्दल आज लिहितेय. पीट जॉर्डनचं 'इन द सिटी ऑफ बाइक्स' (2013). तुम्ही रिसर्चची तयारी करत असाल तर सायकलमध्ये रस नसला तरी हे वाचा, आणि पेन्सिल हातात घेऊन वाचा.

जॉर्डन हा अमेरिकन. 2002 मध्ये नगररचना शिकायला काही महिन्यांसाठी ॲमस्टरडॅमला आला आणि तिथलाच झाला. त्याची बायकोही पुढे सायकल दुरुस्तीच्या कामात शिरली. म्हणजे सुरुवात तुमच्या-माझ्यासारखीच: नवं शहर, सायकल आणि खूप सारं कुतूहल. पुस्तकात दोन धागे एकत्र चालतात. एक त्याच्या घरसंसाराचा, दुसरा शहरातल्या सायकलींच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासाचा.

मला आवडलं ते हे, की तो नुसतं फिरून थांबत नाही. रस्त्याकडेला उभा राहून सायकलवाले मोजतो. जे दिसलं ते आधी कसं होतं, हे जुन्या वर्तमानपत्रांत शोधतो. राइक्सम्युझियमच्या पोटातून जाणारा रस्ता घ्या. मी त्यातून पहिल्यांदा गेले तेव्हा फक्त फोटो काढला. 1885 साली उघडलेल्या या इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी हा रस्ता सायकलींसाठी राहावा की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता, 2013 मध्ये तो पुन्हा खुला झाला, हे मला नंतर वाचून कळलं. जर्मन ताब्याच्या काळात, 1942 मध्ये, ज्यूंना सायकली जमा करायला लावल्या होत्या. ज्या कालव्यांच्या कडेने आपण मजेत हिंडतो, तिथे सायकल असणं-नसणं हा एके काळी जगण्याचा प्रश्न होता. हे सीटवर बसून दिसत नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी भारतीय विद्यार्थ्यांच्या एका कार्यक्रमात मी ठोकून सांगितलं होतं, "इथली जमीन सपाट आहे ना, म्हणून सगळे सायकल चालवतात." मागून एका मुलाने विचारलं, "मग पन्नास-साठच्या दशकात सायकली का कमी झाल्या? तेव्हा इथे डोंगर होते का?"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत तो प्रश्न डोक्यात होता. युद्धानंतर गाड्या वाढल्या, सायकली घटल्या. 1971 मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. लोक रस्त्यावर उतरले. 1973 मध्ये तेलसंकट आलं, रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. हळूहळू धोरणं बदलली, रस्ते बदलले. या सगळ्या काळात जमीन मात्र होती तशीच सपाट. जी गोष्ट बदललीच नाही, ती एकटी बदलाचं कारण कशी असेल? सपाट जमिनीमुळे सायकल चालवणं सोपं होतं, हे खरं. पण सायकली कधी घटल्या, कधी वाढल्या, याचं उत्तर तिच्यात नाही. उलटं पुण्याचं बघा. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पुण्याची जमीन कुठे गेली नाही. सायकली गेल्या.

जॉर्डनच्या पुस्तकाची खरी ताकद इथे आहे. 'यांच्या रक्तातच आहे' असल्या उत्तरावर समाधान मानायचं नाही, हे ते प्रत्यक्ष करून दाखवतं.

मग पुस्तकात कमी काय? दोन गोष्टी. एक, कंट्रोल नाही. एकाच शहराची गोष्ट आहे, आणि सांगणारा त्या शहराच्या प्रेमात पडलेला आहे. तुलनेला दुसरं शहर बरोबरीने उभं केलं असतं तर नेमकं कशामुळे काय झालं ते जास्त ठामपणे म्हणता आलं असतं. दोन, वर्तमानपत्रात छापून येतं ते ठळक: चोऱ्या, भांडणं, मोर्चे. रोज मुकाट कामाला जाणारा सायकलवाला बातमीत येत नाही. त्यामुळे इतिहास वाचताना शहर आहे त्यापेक्षा जरा जास्तच रंगीत वाटतं. लेखक स्वतः मोजायला उभा राहतो म्हणून ही उणीव थोडी भरून निघते, पूर्ण नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण तीच चूक मी लॅबमध्येही करत होते. माझे पातळ थर तडकायचे. पहिल्या वर्षाच्या अहवालाच्या मसुद्यात मी कारण लिहिलं होतं: खोलीतली आर्द्रता. इथे पहिल्या वर्षाअखेर पुढे जायचं की थांबायचं हे ठरतं, त्यामुळे अहवाल म्हणजे गंमत नव्हती. त्या कार्यक्रमानंतर मी वही काढली आणि चांगल्या थरांच्या दिवशीची आर्द्रता बघितली. तीच! चांगल्या आणि वाईट दोन्ही दिवशी जवळपास सारखीच. बदलत होतं ते द्रावणाचं वय. जुनं द्रावण घट्ट व्हायचं, थर जाड बसायचा आणि वाळताना तडकायचा. मग ताजं आणि जुनं द्रावण एकाच दिवशी शेजारी-शेजारी वापरून बघितलं, तेव्हा खात्री पटली. तो परिच्छेद मी अहवाल द्यायच्या नऊ दिवस आधी बदलला. परीक्षकांनी नेमकं त्यावरच विचारलं.

तेव्हा नव्या शहरात गेलात की सायकल जरूर घ्या. मध्यवर्ती स्टेशनमागच्या फुकट फेरीतून सायकलसकट पलीकडे जा, सारखे दिसणारे कालवे चुकत चुकत फिरा. पण घरी आल्यावर वहीत दोन रकाने करा. डावीकडे काय दिसलं ते. उजवीकडे ते तसं का असावं याचा तुमचा अंदाज, आणि त्याखाली एकच प्रश्न: हे कारण तेव्हाही होतं का, जेव्हा परिणाम नव्हता? माझ्या वहीत उजव्या रकान्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी आता खोडलेल्या आहेत.