'फ्यूजन' लिहिण्याआधी: तीन युरोपियन जॅझ अल्बम आणि लय कोणाची हा प्रश्न

संगीतावर सिनॉप्सिस लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींचे कच्चे खर्डे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. विषय भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या भेटीचा असेल, तर त्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'या अल्बममध्ये दोन परंपरांचं सुंदर फ्यूजन झालं आहे.' वाक्य चुकीचं नाही. पण त्यातून कळतं काय? कोण कोणासाठी थांबलं? कोणी आपली सवय सोडली? तबला बंद केला असता तर उरलेलं वादन तसंच चाललं असतं का? 'फ्यूजन' हे उत्तर म्हणून लिहिलं की हे सगळे प्रश्न तिथेच मिटतात, आणि संशोधनाला तर तेच प्रश्न हवे असतात.

म्हणून आज तीन अल्बम घेऊ. तिन्ही युरोपात निघालेले, तिन्हींत आपल्याकडची माणसं आहेत. तिन्हींना एकच प्रश्न विचारायचा: लय कोणाच्या हातात आहे?

त्याआधी एक सावधगिरी. अशा वादकांबद्दल लिहिण्याच्या दोन सवयी आहेत. युरोपातल्या परीक्षणांत तबला म्हणजे बऱ्याचदा 'रंग', जेवणात वरून भुरभुरलेल्या मसाल्यासारखा. आपल्याकडे तोच वादक 'आपला माणूस सातासमुद्रापार' होतो. एकीकडे कौतुक वरवरचं, दुसरीकडे अभिमान भरघोस. त्याने वाजवलं काय, हे दोन्हीकडे राहूनच जातं. मी हिरकणीवाडीत बसून हे लिहिते आहे. रोपवेने गडावर जाणारा प्रत्येक पर्यटक इथे हिरकणीची गोष्ट ऐकतो आणि पुढे सांगतो. गोष्ट सुंदरच आहे. पण गोष्ट आणि पुरावा यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहावं लागतं, हे इथे राहणाऱ्याला जरा लवकर समजतं. अल्बमच्या कव्हरवरचा मजकूर हीसुद्धा एक गोष्टच असते. पुरावा ध्वनिमुद्रणात असतो.

आधी हाताने मोजू

जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत दोन्ही आवर्तनांत चालतात. बारा बारचा ब्लूज घ्या. प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे एकूण ४८. तीनतालाच्या मात्रा १६. तीन आवर्तनं म्हणजे पुन्हा ४८! आता गंमत बघा: ब्लूजमध्ये पाचव्या बारला मध्यमावरचा कॉर्ड येतो, नवव्या बारला सहसा पंचमावरचा. तीनताल हातावर धरलात तर नेमक्या याच दोन ठिकाणी सम पडते. कागदावर गणित इतकं चोख जमतं की 'झालं फ्यूजन' म्हणायचा मोह होतो.

पण सातव्या बारला काय होतं ते ऐका. ब्लूज तिथे मूळ कॉर्डवर, षड्जाच्या घरी परततो. जॅझवाल्याला तिथे पोचल्याचं समाधान मिळतं. तीनतालात त्याच जागी नववी मात्रा असते, म्हणजे खाली. हात उलटा होतो, डग्ग्याचा घुमारा ओसरतो. एकाला जिथे विसावा, तिथे दुसऱ्याला पोकळी. आकडे जुळले तरी वजन जुळत नाही. शिवाय तंबोरा एकच षड्ज धरून असतो, तर जॅझचा पियानो कॉर्ड बदलत पुढे सरकतो. एकत्र वाजवायचं तर कोणाला तरी काही सोडावं लागणार. काय सोडलं आणि कोणी, हे शोधणं हे समीक्षेचं काम.

पहिला: 'इंडो-जॅझ स्वीट', १९६६

लंडनचा अल्बम. रचना जॉन मेयर यांची. जन्म कलकत्त्याचा, वादन व्हायोलिन, लंडन फिलहार्मोनिकमध्ये नोकरी केलेली. जॅझच्या बाजूचे प्रमुख जो हॅरियट, अल्टो सॅक्सोफोन, जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर मुंबईचे केशव साठे. म्हणजे 'युरोपियन जॅझ' म्हणून आपण जे ऐकतो ते कलकत्ता, किंग्स्टन आणि मुंबईहून आलेल्या माणसांनी लंडनमध्ये उभं केलेलं आहे. सिनॉप्सिसमध्ये 'युरोपियन' हा शब्द लिहिताना एवढं तरी ध्यानात ठेवा.

मेयर यांनी प्रश्न कागदावर सोडवला. राग ठरवलेले, ताल ठरवलेले, कुठे कोणी उपज करायची तेही ठरवलेलं. हॅरियट यांनी त्याआधी 'फ्री फॉर्म' आणि 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' हे मुक्त जॅझचे अल्बम केले होते. युरोपात त्या वाटेने जाणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचं नाव येतं. तोच माणूस इथे रागाच्या स्वरांत राहून वाजवतो. त्याचे स्वर रागाचे असतात, पण स्वराला धार ब्लूजची असते. अल्बममधल्या सर्वांत जिवंत जागा मला त्याच वाटतात.

मात्र लय इथे संगीतकाराच्या हातात आहे. साठे ठेका धरतात, स्वच्छ, न डगमगता. पण त्यांच्या ठेक्यामुळे पुढच्या वाक्याचं वळण बदललं असं क्वचितच होतं. भेट स्टुडिओत पोचण्याआधीच, मेयर यांच्या टेबलावर उरकलेली आहे. त्यामुळे अल्बम सुबक आहे आणि सुरक्षितही. इथे कोणी पडत नाही, कारण पडायची जागाच ठेवलेली नाही.

श्रेयनामावलीतली एक नोंदही पाहा. तंबोऱ्यावर चंद्रहास 'पैगंका'. गोव्यातलं पैंगीण गाव ज्याला माहीत आहे त्याच्या मनात लगेच 'पैंगणकर' येईल. हा झाला अंदाज. अंदाज तळटीपेत अंदाज म्हणूनच लिहायचा, आणि पुरावा मिळेपर्यंत मूळ छापील नाव बदलायचं नाही. पण हा अंदाज सुचण्यासाठी इथली आडनावं कानावर असावी लागतात, हेही तितकंच खरं. मराठी संशोधकाचा उपयोग इथे आहे.

दुसरा: 'जॅझ मीट्स इंडिया', १९६७

आता जर्मनी. समीक्षक आणि निर्माते योआखिम-अर्न्स्ट बेरेंट यांची जगभरच्या संगीतांशी जॅझची गाठ घालणारी मालिका होती, त्यातला हा अल्बम. साबा ही कंपनी ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेन गावची. पियानोवर स्वित्झर्लंडच्या इरेन श्वाइत्सर, ट्रम्पेटवर मानफ्रेड शोफ, सॅक्सोफोनवर बार्नी विलेन. सतारीवर पुन्हा मोतीहार, तबल्यावर पुन्हा साठे.

इथे थांबा. सतारिये तेच, तबलजी तेच, काळ साधारण तोच. बदलली आहे ती समोरची मंडळी आणि काम करण्याची रीत. तुलनात्मक अभ्यासाला याहून सोयीची जोडी शोधून मिळणार नाही. 'तबल्याने काय केलं' असं विचारण्याऐवजी 'समोरचं बदलल्यावर त्याच तबल्याला काय करता आलं' असं विचारता येतं. प्रश्न केवढा धारदार झाला बघा.

श्वाइत्सर आणि मंडळी मुक्त जॅझच्या वाटेवरची. त्या संगीतात ठरलेला ठेका नसला तरी चालतो. लाटेसारखी घनता वाढते, कमी होते. तबल्याचं तसं नाही. आवर्तन सोडलं की तबला अर्धा मुका होतो. त्यामुळे या अल्बममध्ये बराच वेळ दोन गट आळीपाळीने बोलतात. एक थांबला की दुसरा. आणि जिथे दोघं एकत्र येतात तिथे पियानो-ट्रम्पेटच्या गर्दीत साठे यांचा ठेका नदीतल्या खडकासारखा दिसतो-लपतो.

पुष्कळांना हे अपयश वाटतं. मला नाही वाटत. या अल्बममध्ये 'ब्रिगाख अँड गँजेस' नावाची रचना आहे. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी छोटी नदी. पुढे ब्रेग नदीला मिळून तिची डॅन्यूब होते आणि ती काळ्या समुद्राला जाते. गंगा जाते बंगालच्या उपसागराला. या दोन नद्यांची भेट कधीच होत नाही! रचनेचं नाव अल्बमच्या नावापेक्षा प्रामाणिक आहे. लय इथे कोणा एकाच्या हातात नाही. ती वादाचा मुद्दा आहे, आणि तो वाद ऐकू येतो. अभ्यासकाला मेयर यांच्या नेटकेपणापेक्षा इथला खडबडीतपणा जास्त शिकवतो.

तिसरा: 'उस्फ्रेट', १९८८

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म १९५१चा, मुंबईचा. आई शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या, ठुमरी-दादऱ्यातलं मोठं नाव. त्रिलोक तबला शिकले, सत्तरच्या दशकात युरोपात गेले, पुढे हॅम्बुर्गला राहिले. कॉलिन वॉलकॉट यांचं १९८४ मध्ये अपघाती निधन झाल्यावर 'ओरेगॉन' या चमूतली त्यांची जागा काही वर्षं त्रिलोक यांनी सांभाळली. त्यांची बैठकही बघण्यासारखी: स्टुलावर न बसता गुडघ्यावर, तबला आणि ड्रमसेट एकाच मांडणीत, बाजूला पाण्याची बादली; घुंगरं आणि थाळ्या त्यात बुडवून आवाज वाकवायचा.

'उस्फ्रेट' जर्मनीतल्या सीएमपी कंपनीचा. डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर अशी मंडळी सोबतीला, आणि गायला आई. पहिल्याच रचनेचं नाव 'शोभारॉक'.

ठुमरीची साथ कशी असते ते आठवा. गाणारी बाई शब्दाला वळवते, ताणते, ठेक्याच्या मागे रेंगाळते. तबलजी ते रेंगाळणं पोटात घेतो आणि बोलबनाव संपला की लग्गीत मोकळा सुटतो. 'शोभारॉक' मध्ये ढोबळ कानाला रॉकचा बीट ऐकू येतो. दुसऱ्यांदा ऐका. त्या बीटवर आवाज चिकटून बसलेला नाही. शोभाताई आपल्या चालीने उशिरा येतात आणि ड्रम त्यांना तशी मुभा देतात. साथीची रीत ठुमरीची, आवाज ड्रमसेटचा. आमच्याकडे शिमग्याला खालू बाजा ऐकलेल्या माणसाला हे लगेच ओळखू येईल: ढोल जमीन धरून असतो आणि सनई त्यावरून सैल फिरते.

इथे 'दोन परंपरांचं फ्यूजन' हे वर्णन कोसळतं. वाजवणाऱ्यासाठी त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या असं गृहीत का धरायचं? घरात ठुमरी, मुंबईत कानावर पडणारं सगळं जगाचं संगीत. पोरगा दोन्ही ऐकतच मोठा झाला. लय इथे आई आणि मुलामध्ये वाटली गेली आहे, आणि युरोप-अमेरिकेतले मोठे वादक त्या वाटणीत पाहुणे म्हणून येतात.

सगळ्याच रचना या उंचीच्या नाहीत. काही ठिकाणी कीबोर्डचा जाड थर ऐंशीच्या दशकाची आठवण जरा जास्तच करून देतो. आणि पुढच्या 'स्पेलबाउंड' (२०१३) मध्ये, जिथे निल्स पेटर मोल्वेर, पाओलो फ्रेसू, टिल ब्रॉयनर असे युरोपातले ट्रम्पेटवाले गुर्टूंकडे पाहुणे म्हणून आले, तिथे वादन चकचकीत असूनही 'शोभारॉक' मधली ओढाताण मला कमी सापडते. पाहुण्यांची यादी लांब, मुक्काम छोटा. आपला माणूस यजमान झाला म्हणून अल्बम आपोआप चांगला ठरत नाही, हेही लिहायला हवं.

तुमच्या कामासाठी

एक आक्षेप येईल: १९६६ची १९८८शी तुलना अन्यायाची नाही का? मध्ये बावीस वर्षं गेली, तंत्र बदललं. मान्य. म्हणूनच मी 'कोण श्रेष्ठ' असं विचारत नाही, तिघांना एकच प्रश्न विचारते. उत्तरं वेगवेगळी येतात: संगीतकाराच्या हातात, वादात, घरात. 'फ्यूजन' या एका शब्दाखाली ही तिन्ही झाकली गेली होती.

प्रत्यक्षात करायचं काय? अल्बम पहिल्यांदा ऐकताना कव्हरवरचा मजकूर वाचू नका. दुसऱ्यांदा ऐकताना हाताने ताल धरा, आणि हात जिथे चुकेल तिथली मिनिटं-सेकंदं वहीत टिपा. हात चुकतो तिथे सहसा दोघांपैकी कोणीतरी काहीतरी सोडलेलं असतं. तिसऱ्यांदा फक्त एका वादकाच्या मागे जा. तबला असेल तर तबलाच, सोलो कितीही मोह घालो. मग श्रेयनामावली वाचा, आणि शेवटी परीक्षणं. हा क्रम उलटा केलात की तुम्ही दुसऱ्याच्या कानांनी ऐकायला लागता.

केशव साठे या दोन्ही अल्बमांवर आहेत, आणि त्यांच्यावर मराठीत कोणी सविस्तर प्रबंध लिहायला घेतला तर पहिलं प्रकरण याच दोन ध्वनिमुद्रणांच्या नोंदींतून उभं राहू शकतं. वही आणि बऱ्यापैकी हेडफोन, सुरुवातीला एवढं पुरे.