न दिसणारी होडी

समुद्रात पोहण्यावरचा कुठलाही सिनेमा बघताना मी आधी एकच गोष्ट बघते. कॅमेरा कुठं आहे? बहुतेक वेळा तो दोन ठिकाणी असतो. एक तर खूप वर, ड्रोनवर. तिथून निळ्याशार पसाऱ्यात एक इवलासा ठिपका हात मारताना दिसतो. नाहीतर पाण्याखाली. तिथून वरच्या उजेडात पोहणाऱ्याची काळी आकृती सरकत जाते आणि मागं व्हायोलिन वाजत असतं. दोन्ही शॉट सुंदर असतात, रीलवरही मस्त चालतात. फक्त पोहणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच दिसत नाही.

त्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर येतात, तेही दर सात-आठ हातांनी एकदा, क्षणभर. त्या क्षणात समोर लाट असली तर लाट दिसते. नसली तर पुढच्याची टोपी दिसते, किंवा नुसता आभाळाचा एक तुकडा. किनारा किती लांब आहे, आपण सरळ चाललोय की तिरके, पुढं आहोत की मागं, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. हे ज्याला कळतं तो शेजारच्या होडीत बसलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं की समुद्रात पोहण्याची गोष्ट मुळात होडीतली गोष्ट आहे, आणि या विषयावरचे सिनेमे नेमकं तेच विसरतात.

अलीकडे असे दोन मोठे सिनेमे आले. २०२३ चा ‘नायड’, क्युबा ते फ्लोरिडा पोहून जाणाऱ्या डायना नायडवरचा. आणि २०२४ चा ‘यंग वुमन अँड द सी’, इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री गर्ट्रूड एडर्ली हिच्यावरचा. दुसरा पाहून आमच्या पोहण्याच्या ग्रुपमधली अर्धी मंडळी रडली. मी नाही रडले. का, ते सांगते.

गर्ट्रूड एडर्लीची कामगिरी खरोखर अफाट होती. ६ ऑगस्ट १९२६ ला तिनं फ्रान्सहून इंग्लंडपर्यंतचं पाणी साडेचौदा तासांत कापलं. तिच्याआधी फक्त पाच पुरुषांनी हे केलं होतं आणि त्यातल्या सगळ्यात वेगवान माणसाला साडेसोळा तास लागले होते. म्हणजे ‘बाईला जमेल का’ या प्रश्नाचं उत्तर तिनं दोन तास शिल्लक ठेवून दिलं. एवढा ऐवज हाताशी असताना सिनेमानं काय केलं? १९२५ चा तिचा पहिला प्रयत्न फसला, त्याचं खापर त्यानं तिचा प्रशिक्षक जेबेझ वुल्फ याच्या डोक्यावर फोडलं आणि त्याला सरळ खलनायक करून टाकलं. बाईच्या वाटेत पुरुष आडवा आला, बाईनं त्याला ओलांडलं. झाली गोष्ट.

खरा वुल्फ कितीतरी जास्त रंगतदार आहे. या माणसानं खाडी पोहून जायचा प्रयत्न बावीसएक वेळा केला आणि एकदाही पलीकडे पोचला नाही. १९११ मध्ये तर तो इंग्लंडच्या किनाऱ्यापासून शंभरेक यार्डांवर होता. शंभर यार्ड म्हणजे आपल्या नेहमीच्या तलावाच्या दोन फेऱ्यासुद्धा नाहीत! पण ओहोटी-भरतीचा प्रवाह फिरला की शेवटचे शंभर यार्ड आधीच्या वीस मैलांपेक्षा लांब होतात. वुल्फच्या होडीत हाताचा ताल राहावा म्हणून बॅगपाइप वाजवणारा माणूस असायचा. असा माणूस, बावीस वेळा हरलेला, दुसऱ्या कुणाला तरी तीच खाडी पोहायला शिकवतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल? हेवा असेल, भीती असेल, पाण्याचं ज्ञानही असेल. यातून केवढा सिनेमा झाला असता. पण मग दोष द्यायला प्रवाह उरला असता आणि प्रवाहाला चेहरा नसतो, मिशी नसते. म्हणून वुल्फ.

१९२५ चा तो प्रयत्न मोडला तो एका स्पर्शानं. वुल्फच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका पोहणाऱ्यानं तिला हात लावला आणि नियमाप्रमाणे ती तिथंच बाद झाली. आपल्याला बाहेर काढायला नको होतं, आपण नुसतं थांबलो होतो, असं ती म्हणत राहिली. हा नियम विलक्षण आहे. होडी शेजारी हवीच, तिच्याशिवाय कुणी तुम्हाला पाण्यात सोडणार नाही. पण तिला हात लावायचा नाही. खाणंपिणं काठीला बांधून किंवा दोरीनं फेकून मिळतं. चार हातांवर कोरडे कपडे, गरम चहा आणि आपली माणसं, आणि मध्ये न दिसणारी भिंत. बाद करायचं की नाही हे ठरवणारे डोळे होडीत असतात आणि सोसणारं अंग पाण्यात.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाहीये, जरी माझी अंतरं या बायकांच्या मानानं हास्यास्पद आहेत. मालवणच्या चिवला बीचवर दरवर्षी डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते. शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे येतात. मी तिथं तीन किलोमीटरही पोहले आहे आणि पाचही. दंडावर मार्करनं नंबर, मानेला आणि काखेत व्हॅसलीन (मिठाच्या पाण्यात कातडीवर कातडी घासली की रात्री पाठीवर झोपता येत नाही), आणि किनाऱ्यावर उभी असलेली घाबरलेली, उगाच हसणारी गर्दी. शिट्टी झाली की पहिली पाच मिनिटं पोहणं नसतंच, मारामारी असते. कुणाची टाच गॉगलवर, कुणाचा हात पाठीवर. मग गर्दी पांगते आणि अचानक काहीच उरत नाही. स्वतःचा श्वास, बुडबुडे, हिरवट अंधार. पुढच्याच्या पायांमागं चिकटून राहिलं तर कमी ताकद लागते, म्हणून तुम्ही एका अनोळखी माणसाच्या तळव्यांकडं अर्धा तास बघत राहता. सिनेमात हे कधीच नसतं, कारण हे फार कंटाळवाणं आहे. पण समुद्रात पोहणं बरंचसं असंच असतं.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडं जाणारा मतलई वारा असतो तोवर पाणी आरशासारखं असतं. ऊन वर आलं की वारा फिरतो, खारा वारा सुरू होतो आणि तेच पाणी तोंडावर चापट्या मारू लागतं. पाच किलोमीटरच्या शर्यतीत परतीच्या टप्प्यावर प्रवाहानं आम्हा सात-आठ जणांना हळूहळू बाजूला ओढत नेलं. आमच्यातल्या कुणालाही ते कळलं नव्हतं, कळणं शक्यच नव्हतं. डिझेलचा वास आला, मग इंजिनाची धडधड, आणि एका होडीवरून म्हातारा आवाज आला, “गो बाय, खंय चललंस? हडे ये, हडे!” नंतर किनाऱ्यावर मी त्या काकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी मागच्या टेकडीकडं आणि पुढच्या माडाकडं बोट केलं. ती दोन एका रेघेत दिसली पाहिजेत, सरकली की समजायचं पाणी ओढतंय. एवढंच. तेव्हापासून डिझेलच्या वासाबद्दल मला जे वाटतं ते लोकांना सांगितलं की ते हसतात.

आता ‘नायड’. गंमत अशी की नायडचा पराक्रमच वादग्रस्त आहे, आणि तरीही तिच्यावरचा सिनेमा दोन्हींतला खरा आहे. २०१३ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, चार अपयशांनंतर ती क्युबाहून फ्लोरिडाला पोचली. साधारण १७७ किलोमीटर, त्रेपन्नच्या आसपास तास. पण निरीक्षकांच्या नोंदी अपुऱ्या आहेत, मधल्या काही तासांचा नीट हिशेब नाही, म्हणून लांब पल्ल्याच्या जलतरणातल्या मंडळींनी या अंतरावर अधिकृत शिक्का मारलेला नाही. सिनेमा या वादाला बगल देतो. हे मला पटलेलं नाही. होडीतली वही ही या खेळातली एकमेव साक्ष असते. समुद्रावर खुणा राहत नाहीत, तुम्ही पोहून गेलात त्याच्या पाठोपाठ पाणी मिटून जातं. वहीत नसेल तर काय उरलं? या प्रश्नाला सिनेमानं हात घातला असता तर तो मोठा झाला असता.

मग खरा कशात? तर त्यानं नायडला एकटी सोडलेली नाही. ॲनेट बेनिंगची नायड हट्टी आहे, आत्ममग्न आहे, माणसांना थकवते. खरा जीव आहे तो होडीत. जोडी फॉस्टरनं केलेली तिची मैत्रीण आणि प्रशिक्षक बॉनी स्टोल, आणि प्रवाहांचे नकाशे घेऊन बसलेला आजारी नाविक जॉन बार्टलेट. गल्फ स्ट्रीम कधी कुठून वाहणार यावर त्याच्याशी होणारी भांडणं मला त्या सगळ्या पाण्याखालच्या शॉटपेक्षा जास्त थरारक वाटली. नायड म्हणते, मी तयार आहे. तो म्हणतो, समुद्र नाहीये. बस, या खेळाचं सगळं नाटक या दोन वाक्यांत आलं. तिला पाण्यात ताजमहाल दिसतो तो भासाचा प्रसंग थोडा भडक आहे, पण तोही मला चालला. न झोपता इतके तास पोहणाऱ्याला काय दिसतं हे निदान त्याच्या डोळ्यांच्या जागेवरून तरी दाखवलंय.

हा सगळा कीस मी का काढते आहे? कारण हे सिनेमे बघून लोक पाण्यात उतरतात. आपल्या बातम्यांची भाषाही त्याच वळणाची आहे. ‘समुद्रावर मात’, ‘लाटांशी झुंज’, ‘जिद्दीपुढे सागर नमला’. धरमतर ते गेटवे हे पस्तीसेक किलोमीटर एखाद्या शाळकरी मुलीनं पोहून काढलं की बातमीत तिचं वय असतं, वेळ असतो, पालकांचे डोळे भरून येतात. भरती किती वाजता लागली, होडी कुणाची होती, निरीक्षक कोण होता, यातलं अक्षर नसतं. इंग्लिश खाडीत उतरणारे बहुतेक जण उधाणाची भरती टाळून भांगाचे दिवस धरतात, कारण तेव्हा प्रवाह जरा मवाळ असतात. शाळेच्या भूगोलात आपण हे दोन्ही शब्द पाठ केले होते. ते कुणाच्या तरी जिवाशी जोडलेले आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि जिवाशीच आहे. २०१० च्या ऑक्टोबरात संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथं दहा किलोमीटरची विश्वचषक शर्यत होती. अमेरिकेचा फ्रॅन क्रिपन, वय सव्वीस, जगातल्या उत्तम जलतरणपटूंपैकी एक, शर्यत पूर्ण करून बाहेर आलाच नाही. पाणी फार गरम होतं. तो नाहीये हे लक्षात आलं ते त्याच्या सहकाऱ्याच्या, शर्यत संपल्यावर. नुकते पोहून दमलेले जलतरणपटू त्याला शोधायला पुन्हा पाण्यात गेले. दोनेक तासांनी त्याचा मृतदेह सापडला. त्यानंतर पाण्याच्या तापमानाला ३१ अंशांची कमाल मर्यादा आली. क्रिपनकडे जिद्द कमी होती का? त्याच्याकडे त्या क्षणी बघणारं कुणी नव्हतं.

म्हणून मला आरती साहावर सिनेमा हवाय, आणि तो कुठून सुरू व्हायला हवा हेही मी ठरवून ठेवलंय. कोलकात्याची ही मुलगी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेली तेव्हा बारा वर्षांचीसुद्धा नव्हती. २९ सप्टेंबर १९५९ ला तिनं १६ तास २० मिनिटांत इंग्लिश खाडी पार केली, असं करणारी आशियातली पहिली स्त्री ठरली, पुढच्या वर्षी पद्मश्री मिळाली. पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत एवढं असतं. कुणी बायोपिक केलाच तर सॅन्डगेटच्या किनाऱ्यावर तिनं तिरंगा फडकवला त्यावर शेवट होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण तिची गोष्ट आहे महिनाभर आधीची, २७ ऑगस्टची. ती शर्यत होती, तेवीस देशांतले स्पर्धक होते. फ्रान्सच्या केप ग्री-ने इथून रात्री एक वाजता सुटायचं होतं. बाकीचे सुटले आणि आरतीची होडी आलीच नाही. ती चाळीस मिनिटं उशिरा निघाली. खाडीच्या वेळापत्रकात चाळीस मिनिटं म्हणजे काय, ते तिला पुढं कळलं. सकाळी अकरापर्यंत इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला होता. तिथं प्रवाह उलटा फिरला. त्यानंतरच्या पाच तासांत ती दोनेक मैलच पुढं सरकली आणि दुपारी चारच्या सुमाराला तिला बाहेर यावं लागलं.

माझ्या सिनेमात पहिली वीस मिनिटं पोहणं नाहीच. ऑगस्टमधली रात्र, थंड वाळू, अंगाला चरबी फासून उभी असलेली अठरा वर्षांची मुलगी. बाकीच्यांच्या होड्यांचे दिवे एकेक करून अंधारात लहान होत जातायत. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती समुद्राकडं बघत नाही, ती किनाऱ्याच्या उजव्या टोकाकडं कान लावून उभी आहे. इंजिनाचा आवाज येतोय का, ते ऐकतेय.