कन्येचा वारसा : स्वातंत्र्यस्मृती, वंशावळ आणि मानोरा परिसर

प्रस्तावना :
पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान ही सार्वत्रिक भावना होय. मात्र तो कोणत्या पुराव्यावर मिरवावा आणि त्याची नोंद कोणाच्या नावे व्हावी, हे प्रश्न निव्वळ भावनेचे राहत नाहीत. स्त्रियांच्या संदर्भात ते अधिकच तीव्र होतात. अमेरिकेतील ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ ही स्त्रियांची वंशसंस्था आणि भारतातील स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजना यांमधील ‘कन्या’ या संकल्पनेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली असून, त्यासाठी वाशीम जिल्ह्यातील मानोरा परिसर समोर ठेवला आहे.

वंशज म्हणून कन्या :
अमेरिकन राज्यक्रांतीत भाग घेतलेल्यांच्या पुरुष वंशजांची संस्था १८८९ मध्ये स्थापन झाली. तिने पुढच्याच वर्षी स्त्रियांना सभासदत्व नाकारले. तेव्हा ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टन येथे स्त्रियांनी आपली स्वतंत्र संस्था उभारली. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन या तिच्या पहिल्या अध्यक्षा होत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीने क्रांतिकाळातील पूर्वजापर्यंतचा रक्तसंबंध पिढीगणिक कागदपत्रांनी सिद्ध करावा, ही सभासदत्वाची अट आहे. ही वंशरेषा पित्याकडून असो वा मातेकडून, दोन्ही ग्राह्य. विवाहामुळे स्त्रीचा हा अधिकार संपत नाही. पूर्वजाची सेवाही केवळ रणांगणावरची असावी लागत नाही. सैन्याला धान्य वा गुरे पुरविणारा, निष्ठेची शपथ घेणारा, नागरी पद सांभाळणारा असे सर्व देशभक्त मानले जातात, आणि त्यांत स्त्रियाही येतात.

तथापि या संस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. कागदाचा आग्रह धरणारी वंशावळ ही ज्यांच्यापाशी कागद असतो त्यांचीच असते. गुलामगिरीत ज्यांची नावेही नीट लिहिली गेली नाहीत, त्यांच्या लेकींनी पुरावा कोठून आणावा? १९३९ मध्ये या संस्थेने कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांना आपले सभागृह नाकारले. एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या निषेधार्थ सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि अँडरसन यांचे गायन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५ हजार श्रोत्यांसमोर झाले. कृष्णवर्णीय स्त्रीला उघडपणे सभासदत्व मिळण्यास १९७७ साल उजाडावे लागले. पुरुषांनी दार लावले म्हणून ज्यांनी वेगळे घर बांधले, त्यांनीही आपल्या दाराला तशीच कडी बसवावी, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अवलंबित म्हणून कन्या :
भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले व १९८० मध्ये त्यास ‘सन्मान’ योजनेचे व्यापक रूप दिले. येथे सैनिकाच्या पश्चात लाभ मिळतो तो पती वा पत्नीस, अविवाहित कन्यांस आणि मातापित्यांस. पुत्र त्यात नाही. वरवर पाहता ही स्त्रीच्या बाजूची तरतूद वाटते. परंतु कन्येचा समावेश ती वंशज आहे म्हणून झालेला नसून ती परावलंबी आहे म्हणून झाला आहे. विवाह होताच तिचे नाव गळते. निवृत्तिवेतनाच्या नियमाने उदरनिर्वाहाचाच विचार करावा, हे रास्तच आहे. दोष आहे तो आपला. आपण त्या यादीलाच स्मृतीची यादी मानून बसलो.

पात्रतेचा निकषही पाहण्यासारखा आहे. कारावासाच्या आधारे पात्र ठरण्यासाठी किमान सहा महिने आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने तुरुंगवास आवश्यक. भूमिगत जीवन, मालमत्तेची जप्ती, फटक्यांची शिक्षा यांनाही त्यात स्थान आहे. परंतु भूमिगतांसाठी रात्री चूल पेटविणाऱ्या स्त्रीला कोणत्या रकान्यात बसवावे? अमेरिकन संस्थेच्या निकषात धान्य देणारा बसतो. आपल्या निकषात भाकरी देणारी बसत नाही.

मानोरा परिसर :
जुलै १९३० मध्ये बापूजी अणे यांनी पुसद परिसरात राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मानोरा तालुका पुसदला लागूनच आहे. गवत, सरपण आणि गुरांची चराई हा ज्यांचा रोजचा प्रश्न होता, त्यांना या सत्याग्रहाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. सरपणाची मोळी तर बहुधा स्त्रीच्याच डोक्यावर असे. पण दोन-चार महिन्यांची शिक्षा भोगून परतलेला पुरुष पुढे सहा महिन्यांच्या नियमाबाहेर राहिला. मग त्याच्यामागे घर चालविणारी स्त्री कोणत्या दप्तरात सापडणार? दप्तरेही एका ठिकाणी नाहीत. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतास जोडलेला होता. मानोरा पुढे अकोला जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्ह्यात आला.

याच तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ज्या अनेक भटक्या समूहांना गुन्हेगार ठरविले, त्यांचा सरकारी कागद हा बहुतांशी संशयाचा कागद आहे. अशा समाजाकडे पिढ्यांची नोंद ढाडी व भाटांच्या मुखी राहिली. परंतु तीही मुख्यतः पुरुषांच्या नावांची साखळी होय. स्त्रीची आठवण वेगळ्या ठिकाणी आढळते. सासरी निघालेली नवरी जो ढावलो गाते, त्यात मायबाप, भाऊ आणि तांडा यांचे स्मरण असते. हा तिचा माहेरच्या वंशावरील दावाच मानावयास हवा. अभ्यासकांनी त्याला विरहगीत म्हणून लोकसाहित्याच्या कप्प्यात ठेवले. इतिहासाचे साधन म्हणून त्याकडे पुरेसे पाहिले नाही.

१९४२ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी तांड्यांतून व गावांतून मौखिक नोंदी घेताना ‘वडील, आजोबा’ या रकान्यांशेजारी ‘आई, आईची आई, तिचे माहेर’ हे रकाने ठेवावेत. त्यासाठी शासननिर्णयाची आवश्यकता नाही. दिग्रसला वा दारव्ह्याला दिलेल्या लेकींकडेही त्या नोंदीसाठी जावे लागेल. कारण मानोऱ्याची पुष्कळशी स्मृती त्यांच्याबरोबर सासरी गेली आहे.