पहिल्या इयत्तेचें मोजमाप

तेत्सुको कुरोयानागी यांचें 'तोत्तोचान' हें १९८१ सालीं जपानींत प्रसिद्ध झालेलें आत्मकथन मराठी वाचकांस अनुवादरूपानें चांगलेंच परिचित आहे. त्याच्या स्तुतींत आम्ही भर घालावी असें कारण नाहीं. परंतु यंदा तें पुन्हां वाचतांना एक प्रश्न आम्हांस सारखा टोंचत राहिला: पहिलींतल्या मुलाची प्रगति ओळखावी कशावरून?

मेजाचें झांकण शंभरदां उघडणारी, खिडकींतून रस्त्यावरच्या वादकांस हांका मारणारी ही मुलगी पहिल्याच इयत्तेंत शाळेंतून काढली जाते. मग टोकियोंतील, आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा. तिचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्या दिवशीं तिचें बोलणें चार तास ऐकून घेतात.

१९४५ च्या बाँबहल्ल्यांत ती शाळा जळाली. येथवर सारें उत्तम. पण उपसंहारांत लेखिकेचा धीर सुटतो. तिचे वर्गबंधु पुढें कोण कोण झाले याची हकीकत ती देते. एक तर अमेरिकेंत नांवाजलेला पदार्थविज्ञानवेत्ता झाला. म्हणजे शेवटीं गुणपत्रिकाच कीं ही! तोच मुलगा कारकून झाला असता तर तोमोएंतलें त्याचें वर्ष वायां गेलें असें म्हणावयाचें काय?

खरा पुरावा पुस्तकांत आहे, पण दुसरीकडे. पोलिओनें अधू झालेल्या यासुआकीचानला तोत्तोचान उन्हाळ्याच्या सुटींत शिडी लावून, ओढून-ढकलून आपल्या झाडावर चढविते. तो मुलगा पुढें लवकरच वारला. उपसंहारांतल्या यशस्व्यांत त्याला जागा कोठून असणार? पण झाडावर बसून तो तिला टेलिव्हिजन नांवाच्या नवलाची गोष्ट सांगतो, आणि ती ऐकते. जिचें चार तास कोणी ऐकून घेतलें, ती आतां दुसऱ्याचें ऐकूं लागली आहे. लेखिकेनें यावर भाष्य केलेलें नाहीं, हें तिचें भाग्य आणि आमचेंही.

अक्षरओळख क्षुद्र आहे असें आमचें म्हणणें नाहीं. बाराखडी आणि जोडाक्षरें शिकावींच लागतात. तीं एका वर्षांत सहसा अंगीं मुरत नाहींत, इतकेंच. आमची नात यंदा पहिलींत आहे. तिच्या प्रगतिपुस्तकांत 'वाचन मंद' असा शेरा आला, आणि तीस वर्षें काव्य शिकविलेले आम्ही तिला पुढ्यांत घेऊन ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी घोकवीत बसलों. ती मध्येंच झाडावरच्या कसल्याशा पक्ष्याविषयीं कांहीं सांगूं लागली होती. आम्हीं तिला थांबविलें.