चित्रा तारा आणि क्रिप्के यांचे प्रतिपादन

जे सत्य अन्यथाही असू शकले असते, ते अनुभवावाचून कळते काय? कांटच्या मते अनुभवपूर्व ज्ञान हे अवश्य सत्याचेच असावयाचे. सॉल क्रिप्के यांनी १९७० सालच्या व्याख्यानांत, म्हणजे ‘नेमिंग अँड नेसेसिटी’ या ग्रंथात, ही सांगड सोडविली. पॅरिस येथील दांड्याच्या लांबीवरून ज्याने ‘मीटर’ ठरविला, त्याला तो दांडा त्या क्षणी एक मीटर आहे हे न मोजताच ठाऊक असते. तरी उष्णता कमीअधिक असती तर तो तेवढा नसताही.

आमच्या वाचकांस याहून जवळचे उदाहरण पंचांगात सापडेल. व्यंकटेश बापूजी केतकरांनी पुरस्कारिलेला चित्रापक्ष चित्रा ताऱ्यासमोरचा बिंदू राशिचक्राचे आरंभस्थान मानतो. म्हणून ‘चित्रेचा भोग १८० अंश’ हे त्या पक्षास आकाश न पाहता कळते. पण ताऱ्यांना स्वतःची गती असते. आरंभस्थान ठरले त्या वेळी चित्रा त्या बिंदूसमोर नसतीही. टिळक पंचांग मात्र रेवतीच्या झीटा ताऱ्यापासून मोजते. त्याच्या हिशेबाने तीच चित्रा सुमारे १८४ अंशांवर येते. आणि हे वेध घेतल्यावाचून कोणासही कळत नाही.

येथेच क्रिप्के यांचे प्रतिपादन आम्हांस अपुरे वाटते. ‘कसे कळले’ आणि ‘अन्यथा असू शकले असते काय’ हे प्रश्न त्यांनी वेगळे केले, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु १८० म्हणणाऱ्यास आकाशाविषयी नवे असे काय कळले? त्यास कळला तो स्वतःचा संकल्प. आरंभस्थान नभात नेमके कोठे, सूर्य तेथे केव्हा येणार, हे जाणण्यास त्यालाही वर पाहावेच लागते. वाक्य न पाहता खरे ठरले, एवढ्याने ते आकाशाचे ज्ञान ठरत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. भालकी तालुक्यातील मेहकरच्या देवळात ही दोन्ही पंचांगे शेजारी ठेवली, तर टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीस, दुसरीची १४ जानेवारीच्या सुमारास येईल. मेघनाद साहा यांच्या समितीने १९५५ साली चित्रेवर आधारलेले अयनांश स्वीकारले. तोही निवडीचाच निर्णय होता. गणित चुकले तर आकाश ते दाखवून देते. आरंभस्थान कोणते घ्यावे, याचा निवाडा मात्र आकाश करीत नाही. तो आपणांसच एकत्र बसून करावयाचा आहे. म्हणून दुसऱ्या पंचांगास अज्ञानी म्हणण्यापूर्वी त्याचा संकल्प कोणता, हे विचारावे.