बोहल्यावरची गर्दी

मराठी लग्नात छायाचित्रकारांच्या चमूची परीक्षा अंतरपाट दूर होतो तेव्हा होते. शेवटचं ‘सावधान’ होतं, पट सरतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. वधू-वर समोरासमोर उभे असतात, त्यामुळे दोघांचे चेहरे एका कॅमेऱ्याला एकाच वेळी समोरून मिळत नाहीत. एकानं नवरी धरायची, दुसऱ्यानं नवरा, आणि दोघांनीही एकमेकांच्या फ्रेममध्ये यायचं नाही. गणित एवढंच. तरी आजचा कुठलाही अल्बम उघडा, नवरीच्या खांद्यामागे कुणाचा तरी जिंबल नाहीतर काळा टी-शर्ट दिसतोच.

गेल्या दीड दशकात लग्नाच्या छायाचित्रणात एकेकट्याचं कसब खूप वाढलं. चांगली दृष्टी असलेली तरुण मंडळी या धंद्यात आली आणि त्यांचे सुटे फोटो खरोखर पाहण्यासारखे असतात. चारजणांनी मिळून एक लग्न टिपण्याची कला मात्र आहे तिथेच राहिली.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. 120 च्या रोलवर चौरस बारा फोटो, पुढे 35 मिमीच्या रोलवर 36. रोल महाग, त्यामुळे फोटोग्राफर एकच आणि तोही मोजून बटण दाबणारा. मग व्हिडिओ आला. त्याच्यासोबत डोळे दिपवणारा लाइट धरून उभा राहणारा पोऱ्या आला. 2008 मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि स्टिल कॅमेऱ्यातूनच सिनेमासारखं चित्रीकरण होऊ लागलं. तिथून वाटण्या झाल्या: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड, सिनेमॅटिक, ड्रोन. पॅकेजमध्ये ही यादी जितकी लांब, तितकं लग्न मोठं, अशी समजूत रूढ झाली.

या उतरंडीत ट्रॅडिशनलवाला सगळ्यात खाली, त्याचा दरही कमी. मला हे उफराटं वाटतं. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ कान पिळायला कधी पुढे सरकेल, सूनमुख पाहताना सासूच्या हातातला आरसा कुठल्या कोनात धरला जाईल, मामा कोण आणि रुसलेली आत्या कोण, हे त्याला ठाऊक असतं. तो नसेल तर कॅन्डिडवाला लटकन आणि मेंदीवरच रमतो, आणि आजोबांचा एकही धड फोटो निघत नाही. चमूचं नेतृत्व विधी ओळखणाऱ्याकडे हवं; प्रत्यक्षात ते बहुधा महागडी लेन्स असणाऱ्याकडे जातं.

नेतृत्वच नसण्यामागे पंचांगही आहे. चांगल्या मुहूर्ताच्या दिवशी सगळीकडेच लग्नं असतात, तर चातुर्मासात काम जवळपास थांबतं. बारा महिने पगारी माणसं ठेवणं फार थोड्या स्टुडिओंना परवडतं. मग एकाच तारखेच्या तीन ऑर्डरी घ्यायच्या आणि माणसं दिवसाच्या बोलीवर उचलायची. पहाटे कार्यालयाच्या दारात ती एकमेकांना प्रथमच भेटतात, आणि ऑर्डर घेणारा मालक दुसऱ्याच हॉलवर असतो.

याचे परिणाम संकलकाच्या टेबलावर दिसतात. सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवलेली नसतात, त्यामुळे फायली वेळेनुसार लावल्या की पाठवणी सप्तपदीच्या आधी येते. एका कॅमेऱ्यात शालू डाळिंबी, दुसऱ्यात विटकरी. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. एकानं व्हिडिओचं शटर 1/50 वर ठेवलं आणि दुसऱ्यानं सवयीनं 1/60 वर, तर हॉलच्या स्वस्त एलईडी दिव्यांखाली दुसऱ्याच्या चित्रात पट्टे सरकतात. दहा मिनिटांच्या बोलण्यानं टळणाऱ्या या गोष्टी आहेत.

बोहल्यावरच्या वागण्याबद्दल तर बोलायलाच नको. ‘गुरुजी, जरा थांबा, परत एकदा घाला’ म्हणत मंगळसूत्र दोनदा घालायला लावलं जातं. खुर्च्यांतल्या पाहुण्यांना चार पाठी दिसतात, आणि वीस फुटांवरचं लग्न त्यांनी एलईडी वॉलवर पाहायचं! विधी चालू असताना मंचावर दोघांहून अधिक चढणार नाहीत, बाकीचे लांब लेन्सनं बाजूनं टिपतील, हा नियम कुठल्याही चमूला आजच पाळता येईल. नवरी तयार होते त्या खोलीत बाई फोटोग्राफर असावी, हाही तसाच साधा संकेत. काही चमू तो पाळतात. पुष्कळजण दारावर टकटक करून तिघं आत शिरतात.

कायद्याच्या बाबतीत हा धंदा अजून तोंडी व्यवहारावर चालतो. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर लागतं. वरातीवर घोंघावणाऱ्या ड्रोनच्या चालकाला हे विचारणारा वरपिता मी अजून पाहिलेला नाही. कॉपीराइटचंही तेच. 1957 च्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. तरीही नवरीच्या मैत्रिणीचा रडवेला चेहरा न विचारता स्टुडिओच्या जाहिरातीत झळकतो.

आणि ज्यानं तो फोटो काढला, त्याचं नाव त्याखाली नसतं. रोजावर आलेल्या पोरानं पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उभं राहून काढलेला फोटो स्टुडिओच्या शिक्क्यानं फिरतो. त्यानं तो स्वतःच्या पानावर टाकला तर पुढची ऑर्डर तुटते. त्याची पंगत शेवटची, आणि पैसे घरच्यांनी अल्बम उचलल्यावर. बुकिंगच्या कागदावर अल्बमची पानं, रीलांची संख्या, ड्रोनचे तास असं सगळं तपशीलवार लिहिलेलं असतं. मंडपात शेवटचा शब्द कुणाचा, कार्डांची दुसरी प्रत त्याच रात्री कुणी करायची आणि रोजावरच्या माणसाला आपलं काम दाखवता येईल का, याच्या ओळी त्यात नसतात.